सगळे रिपोर्ट नॉर्मल असताना डॉक्टर डिप्रेशन कशावरून म्हणतात?

तुमचा प्रश्न असा: आई ५२ वर्षांची. चार महिने अंगदुखी, झोप नाही, जेवणावर वासना नाही. रक्त, ईसीजी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी वीस मिनिटं बोलून डिप्रेशन सांगितलं. तपासणीशिवाय हे ठरवलं कसं, आणि घरात काही कमी नसताना हे आलं कुठून?

डिप्रेशन दाखवणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन अजून तरी नाही. निदान विचारपूस करूनच होतं, पण ते अंदाजपंचे नसतं. नऊ लक्षणं ठरलेली आहेत: मन उदास असणं, कशातच गोडी न वाटणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाल आणि बोलणं मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार. यांपैकी किमान पाच, दिवसाचा बराच वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे, आणि त्या पाचांत पहिल्या दोनांपैकी एक असलंच पाहिजे. शिवाय त्यामुळे रोजची कामं अडायला हवीत.

गोची होते ती इथे. आपल्याकडे त्या वयाची बाई ‘मी उदास आहे’ असं सहसा म्हणत नाही. ती म्हणते, हातपाय गळाल्यासारखे वाटतात, डोकं जड आहे, छातीत धडधडतं. तक्रार शरीराची, म्हणून तपासण्याही शरीराच्याच होत राहतात. अशा वेळी ‘उदास वाटतं का?’ यापेक्षा ‘पूर्वी आवडायचं असं काय आता नकोसं झालंय?’ हा प्रश्न जास्त सांगून जातो. भिशीला जाणं बंद झालं, मालिका नुसती चालू असते, बहिणीचा फोन उचलायचा कंटाळा येतो, हे सगळं दुसऱ्या लक्षणात मोडतं. पहाटे तीन-चारला जाग येणं, सकाळी सगळ्यात वाईट आणि संध्याकाळी थोडं हलकं वाटणं, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कदाचित त्यांनी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली असेल. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त गुण आले तर नीट तपासून घ्यायला हवं, इतकाच त्याचा अर्थ. मोबाइलवर भरून स्वतःच निदान करू नका. थायरॉइड कमी असलं तरी थकवा, झोप, भूक आणि मंदपणाचे गुण मिळतातच.

रक्ततपासणी असते ती दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ जीवनसत्त्व आणि साखर झाली आहे का, ते फाइलमध्ये बघा. आई शाकाहारी असेल किंवा मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असेल, तर बी-१२ पाहायलाच हवं. मात्र ते थोडं कमी निघालं म्हणून नुसती इंजेक्शनं देत सहा महिने घालवणं चूक. कमतरता भरून काढा आणि डिप्रेशनचे उपचारही सोबतच सुरू ठेवा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे झोपेसाठी दिलेली अल्प्राझोलामची गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवणं. झोप लागते, पण मूळ आजार तिथेच राहतो आणि गोळीची सवय लागते.

आता कारण. एकच एक कारण शोधू नका. काही भाग अनुवंशिक असतो: आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट वाढतो. पाळी जाण्याच्या काळात तो आणखी वाढतो. लहानपणीचे आघात, घरातल्या आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा, स्टेरॉइडसारखी औषधं, हेही धरायला हवं. ‘मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झालं’ हे स्पष्टीकरण फार सोपं आहे. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून ताप पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे आला होता असं आपण म्हणत नाही. औषधांनी अनेकांना बरं वाटतं, हे मात्र खरं.

आणि बाहेरून दिसणारं काही कारण नसतानाही हा आजार होतो. म्हणून ‘तुला काय कमी आहे?’ असं आईला कृपया विचारू नका. तिला तो प्रश्न आरोपासारखा लागतो, आणि स्वतःला दोष देणं हे आजाराचंच एक लक्षण आहे.

औषध सुरू होण्याआधी एक गोष्ट नक्की सांगा. पूर्वी कधी सलग चार-पाच दिवस किंवा जास्त, झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणं, खर्च आणि उत्साह नेहमीपेक्षा फार वाढलेला, असा काळ येऊन गेला होता का? तसं असेल तर हा बायपोलर आजार (कधी डिप्रेशन, तर कधी असा अति उत्साह) असू शकतो आणि त्यात नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने तोल दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो. आई स्वतः हे सांगणार नाही, कारण तिच्या लेखी ते ‘चांगले दिवस’ होते. घरच्यांनीच आठवून सांगायचं.

‘जगणं नकोसं वाटतं का?’ हे तिला सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर तिला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशकं तिच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढच्या भेटीला सगळी औषधं, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा, पाकिटांसकट घेऊन जा.