तोंडाने श्वास घेणारे मूल : एक्स-रे की स्कॅन?

प्रश्न : आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. तो दिवसभर तोंड उघडे ठेवून श्वास घेतो आणि रात्री घोरतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मानेचा एका बाजूने एक्स-रे काढायला सांगितला आहे, तर दंतवैद्यांनी जबड्याचा त्रिमितीय स्कॅन सुचवला आहे. दोन्ही करावेत का? किरणांची भीती वाटते.

उत्तर : केवळ श्वासमार्ग पाहण्यासाठी त्रिमितीय स्कॅन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या एक्स-रेच्या तुलनेत त्यात किरणांची मात्रा कित्येक पटींनी जास्त असते आणि वाढत्या वयातील पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात. दातांच्या किंवा जबड्याच्या दुसऱ्या कारणासाठी तो करावाच लागणार असेल, तर त्याच चित्रात श्वासमार्गही अवश्य पाहून घ्यावा.

बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये नाकाच्या मागे असलेल्या ॲडेनॉइड ग्रंथीची (ती वाढली की नाकाचा मार्ग अडतो) सावली आणि तिच्यापुढची हवेची काळी पट्टी दिसते. ग्रंथीची जाडी आणि तिथे उपलब्ध असलेली जागा यांचे गुणोत्तर काढण्याची पद्धत १९७९ पासून वापरात असून ते ०.८ पेक्षा जास्त आल्यास ग्रंथी वाढलेली मानतात. मात्र चित्र काढताना मुलाने तोंड मिटून, मान सरळ ठेवून, शांतपणे नाकाने श्वास घेतला पाहिजे. मूल रडले किंवा त्याने त्याच क्षणी आवंढा गिळला, तर मऊ टाळू, म्हणजे तोंडाच्या छताचा मागचा मऊ भाग, वर उचलली जाते आणि मोकळा मार्गही बंद असल्यासारखा दिसतो. असे चित्र पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे धोक्याचे ठरते. दंतवैद्यांनी पूर्वी चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला असेल, तर तोच आधी तज्ज्ञांना दाखवावा. कदाचित नवा काढावाच लागणार नाही.

शिवाय ही सावली जाग्या मुलाच्या एका क्षणाची असते. झोपेत स्नायू सैल पडल्यावर घसा किती आकसतो, हे तिच्यात दिसत नाही, आणि ॲलर्जीमुळे नाकाच्या आत आलेली सूजही तिच्यावरून नीट ठरवता येत नाही. ही सूज पाहण्यासाठी नाकातून बारीक दुर्बीण घालून केलेली तपासणी अधिक भरवशाची असून तिच्यात किरणांचा प्रश्नच उद्भवत नाही. टॉन्सिल तर तोंड उघडून नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

झोपेत श्वास मध्येच थांबणे, धापा टाकत जागे होणे किंवा दिवसा चिडचिड होणे असे काही दिसत असेल, तर एक्स-रेपेक्षा निद्रा-तपासणी, म्हणजे झोपेत श्वास किती वेळा अडतो याची नोंद, महत्त्वाची आहे. मोठ्यांमध्ये तासाला ५ पर्यंतचे अडथळे सहसा चालवून घेतले जातात, परंतु लहान मुलांत तासाला १ पेक्षा जास्त वेळा श्वास अडणे हेही सामान्य मानले जात नाही. पुढच्या भेटीपूर्वी मुलगा गाढ झोपलेला असताना छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असे, आवाजासह मोबाइलवर चित्रण करून ठेवा आणि ते तज्ज्ञांना दाखवा.