लग्नाचं वचन देऊन मुलाने माघार घेतली तर केस होते का?

तुम्ही विचारलंय, "चार वर्षं लग्न करू म्हणत संबंध ठेवले, आता घरचे जातीवरून तयार नाहीत म्हणून हात झटकतोय. केस होते का?"

होऊ शकते, पण नुसतं वचन मोडलं म्हणून होत नाही. शब्द दिला तेव्हा त्याच्या मनात लग्न करायचं होतं की नव्हतंच, यावर सगळं येऊन ठेपतं. समोर बसलेल्या मुलीला हे सांगताना मला दर वेळी जड जातं. तिचा विश्वासघात तर झालेलाच असतो.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा दोन प्रकरणांत अगदी वेगळे निकाल दिले. छत्तीसगडच्या प्रकरणात मुलाचं लग्न आधीच दुसरीकडे ठरलं होतं आणि ते लपवून त्याने शब्द दिला होता. तो दोषीच राहिला, फक्त शिक्षा दहा वर्षांची सात झाली. महाराष्ट्रातल्या प्रकरणात मुलाने जातीचं कारण काढून माघार घेतली होती. सुरुवातीपासूनच फसवायचं होतं असं तक्रारीतून दिसत नाही, म्हणून गुन्हाच रद्द झाला. तुमची हकीकत वरवर पाहता दुसऱ्या बाजूला झुकते, हे लपवून ठेवत नाही.

म्हणूनच तो आज काय बोलतो त्यापेक्षा चार वर्षांपूर्वी काय बोलत होता ते शोधा. माझ्याकडे एक मुलगी शेवटच्या महिन्यातल्या भांडणांचे प्रिंटआउट घेऊन आली होती, नुसत्या शिव्या आणि विनवण्या. पहिल्या महिन्यांचं चॅट मागितलं, तर ते तिने रागाच्या भरात उडवलेलं. शेवटी एका मित्राच्या फोनमध्ये त्या मुलाचा जुना मेसेज सापडला: "साखरपुडा मार्चमध्ये आहे, हिला अजून सांगितलं नाही." केस उभी राहिली ती त्या एका ओळीवर. तेव्हा फोन विकू नका, रीसेट करू नका. चॅटचे प्रिंटआउट कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतील.

१ जुलै २०२४ पासून यासाठी भारतीय न्याय संहितेत वेगळं कलम ६९ आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड. त्याआधीच्या घटनांना जुनी दंड संहिता लागते. तुमची चार वर्षं आहेत, त्यामुळे संबंध कधी सुरू झाले आणि कधीपर्यंत होते, या तारखा आठवून लिहून काढा.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. तुमचं नाव छापणं हा गुन्हा आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि त्याच्या घरचे मिटवून टाकू म्हणत स्टॅम्प पेपर पुढे करत असतील, तर आधी वकिलाला दाखवा, मगच सहीचं बघा.