डिस्कवर्ल्ड पहिल्या पुस्तकापासून सुरू करू नका

तुम्ही विचारलंय, टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी, जादूई मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत, तर क्रमाने वाचायच्या की कुठूनही? मी क्रमानेच सुरुवात केली आणि पहिल्यातच अडकलो. १९८३च्या ‘द कलर ऑफ मॅजिक’मध्ये जुन्या तलवारी-जादूच्या कादंबऱ्यांची टिंगल आहे. त्या मी वाचल्याच नव्हत्या, मग हसू कशाचं येणार? शेवटी नायक थाळीसारख्या सपाट असलेल्या या जगाच्या कडेवरून खाली पडतो आणि पुढचं कळायला दुसरं पुस्तक लागतं. मी ते घेतलंच नाही. दोन वर्षं अशीच गेली.

मग बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडे ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’ हाती लागलं. हे आठवं, १९८९चं. तुम्ही इथूनच सुरू करा. मळकं, गजबजलेलं आंख-मॉरपॉर्क शहर. तिथल्या रात्रीच्या गस्तीचा कॅप्टन व्हाइम्स सुरुवातीलाच दारू पिऊन गटारात पडलेला असतो. शहरावर ड्रॅगन येतो, तेव्हा ज्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं तीच चार माणसं पुढे होतात.

त्यांतला कॅरट मला फार जवळचा. आहे सहा फुटांहून उंच, पण खाणीतल्या बुटक्यांनी वाढवलेला, म्हणून स्वतःला बुटकाच समजतो. कायद्याचं पुस्तक पाठ करून शहरात येतो, चोरांच्या संघाच्या अध्यक्षालाच अटक करतो आणि घरी आईवडिलांना पत्रं लिहितो. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती बोलत मी मोठा झालो. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हे आम्हाला दोन्हीकडचे विचारतात. कॅरटची पत्रं वाचताना मला पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं होतं.

आवडलं तर गस्तीचीच पुस्तकं पुढे वाचत जा, ‘मेन ॲट आर्म्स’पासून. ‘नाइट वॉच’ मात्र मधूनच उचलू नका. व्हाइम्सबरोबर बरीच वर्षं घालवल्याशिवाय ते पोचत नाही. मृत्यूच जिथे एक पात्र आहे ते ‘मॉर्ट’ही सुरुवातीला चालेल. एकच वाचायचं असेल तर ‘स्मॉल गॉड्स’, त्याला मागचंपुढचं काही लागत नाही. तळटीपा गाळू नका, अर्धी गंमत तिथेच आहे.

आणि ‘द शेफर्ड्‌स क्राउन’ अगदी शेवटी ठेवा. प्रॅचेट मार्च २०१५मध्ये गेले, ती त्यानंतर आली. माझ्याकडे ती आहे, पण अजून उघडवत नाही.