लग्नाची यादी, ऑडिटची मुदत आणि सुयांवरची शाल

लग्न ठरलेल्या आणि नोकरी करणाऱ्या मुली गणपती आटोपले की समुपदेशनासाठी येऊ लागतात. त्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो: कामाचे दिवस ऐन धामधुमीचे आहेत, लग्न तोंडावर आले आहे, आणि या दोहोंतून जी एखादी आवडीची गोष्ट शिल्लक राहिली आहे ती आता सोडून द्यावी का? कुणाचे गाणे असते, कुणाचे सकाळचे पोहणे. 2025च्या सप्टेंबरअखेरीस आलेल्या एका तरुणीच्या बाबतीत ते विणकाम होते. तिच्या परवानगीने आणि तिची ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून तिचा अनुभव येथे मांडत आहे.

ती स्वतः सी.ए. झालेली आणि पुण्यातील एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये काम करणारी होती. या व्यवसायातला हंगाम जुलै ते ऑक्टोबर असा चालतो. एरवी प्राप्तिकराच्या साध्या विवरणपत्रांची मुदत 31 जुलैला संपते, टॅक्स ऑडिटचा, म्हणजे व्यवसायांच्या हिशेबांच्या करासाठी होणाऱ्या तपासणीचा, अहवाल 30 सप्टेंबरपर्यंत द्यावा लागतो आणि ऑडिट लागू असलेल्यांची विवरणपत्रे 31 ऑक्टोबरपर्यंत जातात, त्यामुळे एक टप्पा संपून दुसरा सुरू होईपर्यंत थोडी उसंत मिळते. त्या वर्षी मात्र 31 जुलैची मुदत आधीच 15 सप्टेंबरपर्यंत वाढवलेली होती आणि शेवटच्या घटकेला ती आणखी एका दिवसाने वाढली. परिणामी साधी विवरणपत्रे आणि ऑडिट ही दोन्ही कामे एकाच महिन्यात येऊन आदळली.

लग्न नोव्हेंबरच्या अखेरीस होते. तिच्या घरी पितृपक्षात खरेदी करत नाहीत, त्यामुळे अनंत चतुर्दशीपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत, म्हणजे 21 सप्टेंबरपर्यंत, घरातले सगळे व्यवहार थांबलेले होते आणि घटस्थापनेच्या दिवसापासून ते एकदम सुरू व्हायचे होते. तिने मनाशी हिशेब केला होता की सप्टेंबर ऑफिसला द्यायचा आणि ऑक्टोबर लग्नाला. 25 सप्टेंबरला ऑडिट अहवालाची मुदत महिनाभर वाढल्याची बातमी आली. ऑफिसात सी.ए.चे प्रशिक्षण घेणाऱ्या आर्टिकल मुलांनी आनंदाने वडापाव मागवले, आणि ती जिन्यात जाऊन रडली. शालू, दागिने, पत्रिका आणि सासरच्यांची मानपानाची खरेदी यांच्यासाठी राखून ठेवलेला तिचा ऑक्टोबर त्या मुदतवाढीने परत ऑफिसच्या ताब्यात गेला होता.

पहिल्या भेटीत तिने विचारले, “मॅडम, मी विणणे बंद करू का? आई म्हणते, एवढी कामे पडलेली असताना सुया घेऊन काय बसतेस. पण तेवढी एकच गोष्ट माझी आहे.” मी तिला पुढच्या वेळी विणकामाची पिशवी घेऊन यायला सांगितले.

पिशवीतून दोन वेगळी कामे निघाली. एक होती राखाडी लोकरीची साधी शाल. वनाजहून कल्याणीनगरला मेट्रोने जाताना ती त्या शालीच्या चार-सहा ओळी विणत असे. ही शाल कोणासाठी आहे असे विचारल्यावर तिला क्षणभर उत्तर सुचले नाही. दुसऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत रुखवताचे काम होते. साखरपुड्याच्या दिवशी तिच्या आत्याने सर्वांसमोर जाहीर केले होते की आमच्या मुलीच्या हाताला वीण आहे, तेव्हा रुखवतात विकतचे काही मांडायचे नाही. त्यातून चौरंगावरचे आसन, उशांचे अभ्रे, ताटांवरचे रुमाल आणि तोरण अशी यादी झाली होती, आणि मावशीने हसत हसत तिच्यात बाळाचे टोपडे आणि पायमोजेही घातले होते. या शेवटच्या मागणीचा तिला रागही आला होता आणि संकोचही वाटला होता. आल्या-गेल्या पाहुण्यांपुढे ते टोपडे मांडायचे, ही कल्पनाच तिला नकोशी होती. मात्र हे ती कोणाशीच बोलली नव्हती.

मी तिला आदल्या आठवड्यातली एक रात्र तपशिलाने सांगायला लावली. ऑफिसातून साडेनऊला घरी येणे, जेवताना केटररच्या निरोपांना उत्तरे देणे आणि अकरा वाजता आसन घेऊन बसणे, असा तिचा क्रम होता. दीडच्या सुमारास नऊ ओळी खाली एका ठिकाणी सुलटच्या जागी उलट टाका पडलेला तिला दिसला. तिने त्या नऊच्या नऊ ओळी उसवल्या आणि पुन्हा टाके सुईवर घेता घेता तीन वाजले. “तो टाका कोणाला दिसला असता?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “मला दिसला ना.”

या उत्तरात मला तिचे ऑफिस ऐकू आले. दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधून त्यांखाली सही करण्याची जबाबदारी घेणारे मन रात्री हातात लोकर आली म्हणून बदलत नाही. शाल विणताना ती उसवत नव्हती, कारण त्या शालीला ना तारीख होती ना प्रेक्षक. आसनाला मात्र दोन्ही होते. तिच्या आईला आणि तिला स्वतःलाही विणकाम ही एकच गोष्ट वाटत होती, आणि म्हणून ते ठेवायचे की सोडायचे एवढेच पर्याय समोर होते. प्रत्यक्षात मेट्रोतले विणणे हा तिचा विसावा होता आणि रुखवताचे विणणे ही तिची तिसरी नोकरी झाली होती. ‘छंदाने मन शांत होते’ असे सरसकट सांगण्याची आमच्या व्यवसायात पद्धत आहे, पण छंदाला मुदत आणि परीक्षक लावले की ती शांतता उरत नाही, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

तिसरी नोकरी सोडता येण्यासारखी होती. दुसरी, म्हणजे लग्नाची तयारी, सोडता येणार नव्हती आणि खरा गुंता तिथेच होता. तिचा होणारा नवरा बंगळूरला नोकरीला होता. तो समजूतदार होता, त्याने कधी कशाला नकार दिला नव्हता, आणि त्याचे नेहमीचे वाक्य होते, “तू सांग, मी करतो.” या वाक्यात मदतीची खरी तयारी असते, तरीही ओझे हलके होत नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी 35 जोडप्यांच्या मुलाखती घेऊन 2019 मध्ये घरकामामागच्या बौद्धिक श्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे काय लागेल हे आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ठरलेले झाले की नाही यावर लक्ष ठेवणे, असे त्या श्रमाचे चार भाग त्यांनी केले. निर्णय बहुधा दोघे मिळून घेत होते, पण आधी ओळखणे आणि नंतर लक्ष ठेवणे हे भाग मुख्यतः स्त्रियांकडे राहत होते. हा अभ्यास तिकडच्या विवाहित जोडप्यांचा असला, तरी आपल्याकडे ही विभागणी साखरपुड्यापासूनच सुरू होते, असे मी वारंवार पाहते. या दोघांनी हॉल मिळून निवडला होता. हॉलच्या पैशांचा दुसरा हप्ता कधी द्यायचा, हे मात्र एकटीच्याच डोक्यात होते.

म्हणून मी असे सुचवले की त्याला सुटी कामे सांगायची नाहीत, एक विषय पूर्ण द्यायचा. केटररचा विषय दिला तर चव पाहण्यापासून पानांची संख्या, आगाऊ रक्कम आणि ऐन वेळचे बदल इथपर्यंत सगळे त्याचे, आणि तिने मध्ये विचारपूसही करायची नाही. त्याने ते आनंदाने मान्य केले. अडचण आली ती तिच्या आईकडून.

आईंना मी भेटायला बोलावले. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, कार्य आमच्याकडचे आहे. होणाऱ्या जावयाला पंगतीचा हिशेब बघायला लावला, तर व्याही काय म्हणतील? उद्या तिलाच ऐकून घ्यावे लागेल.” नव्या विचारांची माणसे ही भीती झटकून टाकतात, मला तसे करावेसे वाटत नाही. मुलीच्या आईला आपल्या समाजात जे ऐकावे लागते ते तिने आयुष्यभर पाहिलेले असते, आणि मुलीला सासरी पहिल्याच महिन्यात टोमणा ऐकावा लागू नये ही तिची धडपड निराधार नसते. मी त्यांना एवढेच विचारले की कोणत्या कामांत त्याने लक्ष घातले तर व्याह्यांना ते वावगे वाटणार नाही. त्यांनी स्वतःच यादी केली: वरपक्षाच्या पाहुण्यांची उतरण्याची सोय, गाड्या, फोटोग्राफर, आणि वरपक्षाकडचा पत्रिकांचा सगळा भाग. पंगतीचा विषय तिच्या मामांनी घेतला. मी सुचवले होते त्यापेक्षा ही वाटणी निराळी झाली, पण ती टिकली, कारण ती आईंनी केलेली होती.

फोटोग्राफर ठरवायला त्याने इतका उशीर लावला की तिने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. शेवटी मिळालेला फोटोग्राफर तिच्या पहिल्या पसंतीचा नव्हता. मी तिला तिच्याच भाषेत सांगितले की सुटलेला टाका वेळीच पकडावा लागतो, नाहीतर तो खालपर्यंत निसटत जातो, पण उलट पडलेला टाका जिथल्या तिथे राहतो आणि कापड धरून ठेवतो. फोटोग्राफर हा उलट टाका होता. गुरुजींची तारीख किंवा हॉलचा हप्ता राहिला असता, तर तो सुटलेला टाका ठरला असता. यानंतर लग्नाच्या यादीवर ती दोन रंगांत खुणा करू लागली, आणि सुटलेल्या टाक्यांच्या खुणा तिला वाटल्या होत्या त्यापेक्षा फारच कमी निघाल्या.

केळवणांचे तिने आपणहून सोडवले. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी कोणाकडे तरी जेवायला जायचे, दुपारपासून तिथे पोहोचण्याची चिंता करायची आणि रात्री ओटी घेऊन परतायचे, हे तिच्या वेळापत्रकात बसणारच नव्हते. तिने वडिलांकडच्या सगळ्यांना एका रविवारी दुपारी काकांकडे एकत्र यायला सुचवले. ज्येष्ठ मंडळींना आधी फोन करून स्वतः विचारल्यामुळे कोणी मनाला लावून घेतले नाही.

राहता राहिली आत्या. रुखवत विणणार नाही असे तिला सांगायचे कसे, यावर आमचा एका भेटीचा बराचसा वेळ गेला. मी तिला आधी आत्याच्या मनात काय असेल याचा अंदाज करायला सांगितले. थोडा विचार करून ती म्हणाली की आत्याला वस्तूंपेक्षा भाचीचे कौतुक चारचौघांत व्हायला हवे असेल. मग मार्ग सापडला. कॉलेजपासून विणलेला मफलर, आजीसाठी केलेली टोपी, एक जुना क्रोशाचा रुमाल, असे घरात तयार असलेलेच तिच्या हातचे काम रुखवतात मांडायचे ठरले आणि बाकीच्या वस्तू एका महिला बचत गटाकडून घेतल्या. आत्या दोन दिवस अबोल राहिली आणि नंतर तिनेच त्या मफलरला इस्त्री करून आणली. टोपड्याविषयी त्या तरुणीने मावशीला “ते आत्ता नको” एवढेच सांगितले. मावशीने पुन्हा विषय काढला नाही.

शालीबाबत आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या: ती फक्त मेट्रोत विणायची आणि रात्री दहानंतर सुया हातात घ्यायच्या नाहीत. तिची झोप आठवड्याभरात सुधारू लागली. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, रडू आवरत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर असे वेळेचे नियोजन करत न बसता डॉक्टरांना भेटावे. केंद्र शासनाच्या मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

29 ऑक्टोबरला मुदत पुन्हा वाढली. ऑडिट अहवालासाठी 10 नोव्हेंबर आणि ऑडिट लागू असलेल्यांच्या विवरणपत्रांसाठी 10 डिसेंबर. म्हणजे लग्न आता थेट मुदतीच्या आत आले. या खेपेस ती रडली नाही. आपल्या प्रत्येक फाइलची स्थिती, कोणत्या क्लायंटकडून कोणता कागद यायचा आहे आणि पुढे ती फाइल कोण पाहील, हे तिने एका पानावर लिहिले आणि ते पान रजेच्या अर्जासोबत सरांना दिले. रजेच्या काळात फोन घेणार नाही असेही तिने त्यात नमूद केले होते. सरांना ते वाक्य रुचले नाही, पण त्यांनी रजा मंजूर केली. लग्नाच्या आठवड्यात ऑफिसातून एकच फोन आला आणि तो तिच्या भावाने घेतला.

हा अनुभव मी काही जणींना सांगितला, तेव्हा एकीने विचारले की माझे विणकाम ऑर्डरीचे आहे, मी काय करू? थंडीच्या तोंडावर स्वेटर आणि बाळांच्या सेटची मागणी वाढते आणि लग्नही त्याच दिवसांत येते. अशा वेळी विणकामाला विसावा म्हणू नये. तो व्यवसाय आहे आणि त्याचे तास नोकरीच्या तासांत मिळवूनच दिवस मोजावा. नव्या ऑर्डरी संक्रांतीनंतर घेईन असे गिऱ्हाइकांना दिवाळीआधीच कळवावे, घेतलेल्या ऑर्डरींपैकी जी पूर्ण होणार नाही तिची आगाऊ रक्कम वेळेत परत करावी, आणि विसाव्यासाठी ज्यात लोकर नाही असे दुसरे काहीतरी शोधावे.