'जी' कुठून आलं जी?

यवतमाळकडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. त्यांच्या गावात 24 वर्षांची पोरगी सरपंच म्हणून निवडून आली. ग्रामसभेत म्हातारे तिला नुसतं नावानं हाक मारतात, पोट्टे 'मॅडम' म्हणतात. ताई 'सरपंच जी' म्हणाल्या तर बाजूला बसलेले रिटायर गुरुजी म्हणाले, 'जी' हिंदी आहे, शुद्ध मराठीत चालत नाही. तर 'जी' मराठी की हिंदी, आणि वयानं लहान माणसाला ते लावता येतं का?

आधी गुरुजींचंच पाहू. ज्या माणसाला अख्खं गाव चाळीस वर्षं 'गुरुजी' म्हणत आलं त्यानंच 'जी'ला परकं म्हणावं म्हणजे कमाल आहे. त्यांना म्हणा, उद्यापासून नुसतं 'गुरू' म्हणतो, चालेल का?

हे 'जी हिंदी आहे' मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं तापतं. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा मेसच्या काकूंना 'हो जी, वाढा जी' म्हणालो तर सगळं टेबल हसलं. एकानं विचारलं, तू एमपीचा का रे? मी गप बसलो, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून गप बसत नाही. आमच्या वऱ्हाडातल्या शाळांतही निबंधातलं 'जी' लाल पेनानं खोडतात आणि त्याच वहीत 'प्लीज' आलं तर त्याला कोणी हात लावत नाही.

'जी' आदरार्थी आहे, शहाजी मालोजी शिवाजी या नावांत ते आहे, शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा मागचे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते ज्ञानेश्वरीच्या पहिल्या ओवीचं. ॐ नमो जी आद्या. मोजा आता. ॐ पहिला, नमो दुसरा, आणि तिसरा शब्द 'जी'. नऊ हजारांवर ओव्यांचा ग्रंथ आहे आणि त्यातला तिसराच शब्द 'जी' आहे, परमेश्वराला हाक मारताना वापरलेला. आळंदीला जाऊन सांगा ज्ञानोबांना की तुमची सुरुवातच हिंदीत झाली म्हणून.

यावर एक भाषातज्ज्ञ मला म्हणाले होते (नाव नाही घेत, माणूस चांगला आहे, फक्त अमरावतीच्या पलीकडं कधी आला नाही) की उत्तरेच्या राज्यकर्त्यांबरोबर 'जी' खाली आलं असेल. बरं. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इसवी 1290. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला 1296 साली, आणि आला तो एलिचपूरवरून, म्हणजे आमच्या अचलपूरवरूनच. म्हणजे उत्तरेची फौज अचलपूरला पोचली तेव्हा 'जी' ओवीत बसून सहा वर्षं झाली होती. हे सांगितल्यावर साहेब म्हणाले 'तसं एकदम म्हणता येत नाही'. का नाही येत? वजाबाकी आहे साधी.

आणि ज्ञानेश्वरी दूरची वाटत असेल तर रिद्धपूर घ्या, अमरावती जिल्ह्यातलंच, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. म्हाइंभटानं लीळाचरित्र तिथं बसून रचलं, ज्ञानेश्वरीच्याही आधी. त्यात शिष्य चक्रधरस्वामींशी बोलतात तर पानोपानी 'जी जी', 'ना जी'. आमच्या मोठ्या आईला (आजीला म्हणतो आम्ही) बाबानं चहा घेता का विचारलं की ती जशी 'ना जी' म्हणायची, अगदी तसंच. ते वाचताना मला पहिल्यांदा कळलं की आपण अशुद्ध नाही, जुने आहोत. यावरही एकानं फाटा काढला की चक्रधर मूळ भडोचचे, गुजरातचे, म्हणून 'जी' गुजरातीतून. अहो, 'जी' म्हणणारे चक्रधर नव्हते, 'जी' त्यांना म्हटलं जात होतं. म्हणणारे सगळे इकडचे भट, बाया, शेतकरी. पाहुण्याच्या बोलीवरून यजमानाची भाषा ठरवता का तुम्ही?

आता खरी मजा. हे 'जी' मुळात काय आहे?

एक पक्ष म्हणतो 'आर्य', त्याचं प्राकृतात 'अज्ज', त्याचं 'अजी', आणि अ गळून 'जी'. ऐकायला छान आहे. पण 'अज्ज' आमच्याकडं काय झाला ते घराघरात बसलंय ना, आजा आणि आजी. 'अ' गळाला नाही, उलट लांब होऊन 'आ' झाला. दुसरा पक्ष, एका नावाजलेल्या हिंदी कोशातला, म्हणतो 'जित्' म्हणजे जिंकलेला, नाहीतर 'श्रीयुत'मधला 'युत'. 'युत'पासून 'जी'! अशी व्युत्पत्ती लावायची म्हटलं तर मी 'तूर'पासून 'तुरुंग' काढून दाखवतो.

माझं मत (आणि हे माझ्या एकट्याचं नाही, पण मी ते जरा जास्तच लावून धरतो हे बायको सांगते) असं की हे 'जी' म्हणजे 'जीव'. क्रियापद. जीव, म्हणजे जग, जगा, आयुष्य लाभो. प्राकृतात दोन स्वरांमधला 'व' टिकत नाही, जीव, जीअ, जी. हिंदीत 'जी घबराता है' म्हणतात तो 'जी' जीवाचाच आहे, त्याबद्दल कोणाचं भांडण नाही. मग आदराच्या 'जी'लाच वेगळा बाप शोधायची गरज काय?

तुम्ही म्हणाल जगण्याचा आणि आदराचा काय संबंध. सगळाच संबंध आहे. शाकुंतलात सारथी राजाला हाक मारतो ती 'आयुष्मन्'. महाराज नाही, सरकार नाही, आयुष्मन्. आमच्याकडं ओवाळणं म्हणजे औक्षण, पाया पडलेल्या पोराला म्हातारी म्हणते औक्षवंत हो, यातलं 'औक्ष' म्हणजे आयुष्यच. आपल्या भाषेत मान द्यायचा म्हणजे आयुष्य चिंतायचं, दुसरं काही नाही.

आणि याचा सगळ्यात गोड पुरावा मला पाली भाषेत सापडला, चुल्लवग्ग नावाच्या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात. बुद्ध धम्म सांगत असताना त्यांना शिंक येते. समोरचे भिक्खू एकदम गलका करतात, 'जीवतु भन्ते भगवा, जीवतु सुगतो'. त्या गोंधळात प्रवचन थांबतं. बुद्ध विचारतात, शिंकल्यावर जीव म्हटलं म्हणून कोणी जगतं का, का नाही म्हटलं म्हणून मरतं? भिक्खू म्हणतात, नाही. मग नका म्हणू. इथवर झालं तर्काचं. पण पुढं होतं असं की गावातले लोक भिक्खू शिंकला की 'जीवथ भन्ते' म्हणतात, आणि भिक्खू आता नियम म्हणून गप. लोक चिडतात, की काय माणसं आहेत, चांगलं म्हटलं तर परत काही बोलत नाहीत. गोष्ट बुद्धांच्या कानावर जाते आणि ते म्हणतात, गृहस्थांना मंगल आवडतं, ते 'जीवथ भन्ते' म्हणाले तर तुम्ही 'चिरं जीव' म्हणा, परवानगी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. बोलल्यानं आयुष्य वाढत नाही हे माहीत असून बोलायचं, कारण समोरच्याचं मन राहतं. मी हे वाचून तिथंच पुस्तक मिटलं आणि अंगणात एक चक्कर मारून आलो.

आता पाहा. आमच्या गावच्या विहारात, आणि विदर्भातल्या कोणत्याही गावच्या विहारात, भिक्खूंना काय म्हणतात? भंतेजी. 'भंते' आणि 'जी'. लोक म्हणत होते 'जीवथ भन्ते', आपण म्हणतो 'भंतेजी', तेच दोन शब्द, जागा बदललेली. भाषातज्ज्ञ म्हणतील हा योगायोग आहे, 'जी' नंतर चिकटलं. असेल चिकटलं. पण चिकटायला तीच जागा कशी सापडली?

अजून एक घ्या. लग्नपत्रिकेवर 'चि.' असतं ना, चिरंजीवचं. तो 'जीव' मोठ्यानं लहानाला दिलेला. आणि 'हो जी'तला 'जी' लहानानं मोठ्याला दिलेला. एकाच शब्दाची ही देवाणघेवाण आहे. मोठ्यांकडून खाली जाताना पूर्ण 'चिरंजीव', खालून वर येताना लाजून लहान झालेला 'जी'. ही माझी स्वतःची कल्पना आहे, कोशात सापडणार नाही, पण मला ती इतकी आवडते की कोणी खोडली तरी मी सोडणार नाही.

बरं, ताईंनी प्रश्नाच्या शेवटी असंही लिहिलंय की हल्ली ग्रामसभेत, एसटीत, बँकेत कोणी कोणाशी नीट बोलत नाही. ते खरंच आहे आणि मला त्याचाच राग जास्त आहे. आमच्या फाट्यावरून सकाळची एसटी पकडतो मी. आधी लोक म्हणायचे 'सरका जी थोडसे, माय बसते'. आता पोट्टं बॅग सीटवर ठेवून मोबाईलचा आवाज फुल करून बसतं आणि म्हातारी उभी. कोणी बोललंच तर 'काय बे, तुयी शीट हाय का?' परवा एका मयतीत, सरण रचणं चालू होतं तिथं, एकाचं रील वाजलं, कॉमेडीचं, आणि त्यानं बंद नाही केलं, आवाज फक्त कमी केला. बँकेत पैसे काढायला सत्तरीतले एक बुवा रांगेत होते, त्यांना खिडकीतून 'ए बाबा, अंगठा नीट लाव' असं ऐकलं मी. 'बाबा' आहे वाक्यात, तरी त्यात मान नाही. 'ए' लावलं की 'बाबा'सुद्धा शिवी होते.

'बे'शी माझं वैर नाही हे इथं सांगून ठेवतो, नाहीतर नागपूरची मंडळी अंगावर येतील. दोस्तादोस्तात 'बे' नसेल तर ती दोस्ती कसली. पण 'बे'ला जागा होती आणि 'जी'ला जागा होती, आणि वऱ्हाडी माणसाला ती फूटपट्टी न लावता कळत होती. बापाशी बोलताना 'जी', वळून मित्राशी 'बे', परत बापाकडं वळला की 'जी', एकाच दमात. आता 'बे' सगळीकडं पसरलं आणि 'जी' कुठं गेलं माहीत आहे? फ्लेक्सवर. चौकात जाऊन पाहा, वाढदिवसाचा फ्लेक्स, 'मा. श्री. अमुकभाऊजी साहेब'. मा., श्री., भाऊ, जी, साहेब. एका माणसाला पाच मान, ज्यातला एकही तोंडानं कोणी म्हणत नाही. आणि फ्लेक्स लावणारं पोरगं खाली बाईक आडवी लावून म्हाताऱ्याला म्हणतं, बाजूनं जा ना बे. जेवढं 'जी' छापून येतंय तेवढं बोलण्यातून जातंय, हे माझं पाहणं आहे. गुरुजींनी खरं तर यावर लाल पेन चालवायला पाहिजे होता.

अरे हो, लहान माणसाला 'जी' लावता येतं का, हा मूळ प्रश्न राहिलाच. सरपंच पोरगी 24 ची असो का 74 ची, खुर्चीवर आहे तोवर 'सरपंच जी' अगदी बरोबर. आणि खुर्ची नसती तरी चाललं असतं, कारण 'जी' म्हणजे जगा, आणि लहानांना तर आपण ते आधीच म्हणतो, 'चि.' लावून. म्हाताऱ्यांना वाटतं 'जी' म्हटलं की आपण खाली गेलो. तसं काही नसतं.

आमच्या बाबांकडं बैलजोडी होती, पाखऱ्या आणि मोऱ्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, लोणी-हळद लावून, पळसाच्या पानानं, आणि कानाशी जाऊन आवतण देतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या'. ('आवतण' म्हणजे 'आमंत्रण'च, त्यावर परत कधीतरी.) बघा, बैलाला 'घ्या', 'या', एकवचन नाही. वर्षभर ज्याला तुतारी (बैल हाकायची टोकदार काठी) टोचली त्याला त्या दिवशी अहोजाहो. आमचे बाबा त्यापुढं आणखी एक शब्द जोडायचे. पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, 'उद्या जेवाले या जी'. पाखऱ्या तेव्हा पाच वर्षांचा असेल, बाबा पन्नाशीचे.