अमेरिकेत कॉकस म्हणतात ते नक्की काय असतं?

तुम्ही विचारलंय की आयोवा कॉकस, ब्लॅक कॉकस, फ्रीडम कॉकस हे सगळं एकच का. नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नाव तेवढं सारखं.

आयोवा या राज्यातलं कॉकस म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पक्षाच्या लोकांनी गावोगावी एका संध्याकाळी घेतलेली सभा. शाळेत, चर्चमध्ये, कुठेही. रिपब्लिकन लोक चिठ्ठीवर नाव लिहून मोकळे होतात पण डेमोक्रॅट्सचा 2020 पर्यंतचा प्रकार बघण्यासारखा होता, गुप्त मतदान वगैरे काही नाही, ज्याला पाठिंबा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, डोकी मोजायची, आणि साधारण 15 टक्क्यांच्या खाली राहिलेल्या उमेदवाराच्या माणसांना बाकीचे गट आपल्याकडे ओढणार, तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर! रात्रपाळीवाल्याने यायचं कसं, ही टीका कायमची. 2020 ला निकालाचं अ‍ॅप गंडलं, निकाल कित्येक दिवस लटकला आणि 2024 ला डेमोक्रॅट्सनी सगळ्या राज्यांच्या आधी निवड करायचा आयोवाचा पहिला नंबरच काढून घेतला.

दुसरा प्रकार म्हणजे संसदेतल्या खासदारांचा गट. ब्लॅक कॉकस, म्हणजे कृष्णवर्णीय खासदारांचा गट, 1971 पासून आहे. मूळचे बेळगावचे आणि आता मिशिगनचे खासदार असलेले श्री ठाणेदार यांनीही 2023 मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैनांसाठी एक काढलं. असे शेकडो आहेत, आणि माझ्या मते बरेचसे पत्रक काढण्यापुरतेच.

पण फ्रीडम कॉकस वेगळं प्रकरण आहे. 2015 मध्ये रिपब्लिकन पक्षातल्या कट्टर उजव्यांनी काढलेला गट. जानेवारी 2023 मध्ये स्पीकर निवडायचा होता, 435 च्या कनिष्ठ सभागृहात पक्षाकडे 222 जागा, बहुमत 218, म्हणजे पाच जण फुटले तरी खेळ खल्लास, आणि इथे तर वीसेक जण अडून बसले, त्यात बरेचसे याच गटाचे. पक्षाचे नेते केविन मॅकार्थींना स्पीकर व्हायला मतदानाच्या 15 फेऱ्या लागल्या. बदल्यात एकट्या खासदारालाही स्पीकर हटवायचा ठराव आणता येईल असा नियम मान्य करावा लागला, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच नियमाने त्यांची खुर्ची गेली.

आपल्याकडे असं का होत नाही? 1985 चा पक्षांतरबंदी कायदा. व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. नाराजांनी गप्प बसायचं, नाहीतर पुरेसे आमदार गोळा करून थेट गुवाहाटीचं हॉटेल गाठायचं! अमेरिकेत पक्षाविरुद्ध मत दिलं तरी जागा शाबूत राहते, आणि पुढचं तिकीटही हायकमांड देत नाही, मतदारसंघातले मतदारच प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, ठरवतात, त्यामुळे वरच्या नेत्याला घाबरायचं तसं कारणच उरत नाही.