‘सालदार’ : मालक की गडी?

धुळ्याकडील एका विद्यार्थिनीने ‘व्यवसाय-रचना’ हा पाठ वाचताना विचारले आहे : जमीनदार जमिनीचा धनी, दुकानदार दुकानाचा, मग सालदार दुसऱ्याच्या शेतात राबणारा कसा?

फारसी ‘-दार’चा अर्थ ‘धारण करणारा’ एवढाच आहे, त्यात मालकी असलीच पाहिजे असे नाही. कर्जदाराला कर्जाचा मालक कोणी म्हणत नाही. ‘साल’ही फारसीच, तेव्हा सालदार म्हणजे ज्याच्या अंगावर वर्षाचा करार आहे तो. खानदेशात हे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलते : मागची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, वळती होते, पुढचा आकडा ठरतो, आणि पटले नाही तर त्याच दिवशी दावणीचे बैल दुसऱ्या माणसाच्या हाती जातात. मराठवाड्यात यालाच सालगडी म्हणतात. तिकडे साल गुढीपाडव्याला फिरते.

शब्दाचा पूर्वार्ध कराराची मुदत सांगतो, हे ध्यानात घेतले की ‘रोजंदार’ही उलगडतो. ट्रॅक्टर आल्यावर बैलांबरोबर वर्षभर बांधलेला माणूसही परवडेनासा झाला आणि वर्षाच्या जागी दिवस आला. कापूस वेचणीला तर किलोवर मजुरी मिळते. ‘किलोदार’ मात्र अजून कोणी म्हटलेले ऐकले नाही. क्रियापदेही पाहावीत : सालदार ‘सालाने राहतो’, रोजंदार ‘कामाला जातो’, आणि भुसावळचा मुलगा ‘रेल्वेत लागतो’.

पाठात लोक शेतीकडून कारखान्याकडे, तेथून सेवाक्षेत्राकडे सरकतात असे सरळ चित्र असते. जनगणना वेगळेही सांगते. 2001 मध्ये देशात सुमारे 12.7 कोटी शेतकरी आणि 10.7 कोटी शेतमजूर होते. 2011 मध्ये शेतकरी 11.9 कोटींवर उतरले आणि शेतमजूर 14.4 कोटींवर गेले. अनेकांच्या बाबतीत बदलले ते क्षेत्र नव्हे, शेतीशी असलेले नाते. जनगणनेच्या ‘शेतमजूर’ या रकान्यात सालदार आणि रोजंदार एकत्रच मोजले जातात, त्यामुळे वर्षाचा करार दिवसावर आला ही घडामोड त्या आकड्यांत दिसतच नाही. परीक्षेत ‘शेतमजूर’ लिहावे. गावाची पाहणी करताना मात्र हे दोन रकाने वेगळे आखावेत, आणि पाहणी आखाजीच्या आधी उरकावी, कारण नंतर त्याच घरी तोच सालदार भेटेल याची खात्री नसते.